कानात कापूस घालून टीएमएसचा आवाज अडत नाही

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका खासगी मानसोपचार दवाखान्यात नर्स आहे. दीड वर्षापूर्वी आमच्याकडे टीएमएसचं मशीन आलं, डोक्याला कॉइल लावून चुंबकाचे ठोके देतात ते. तेव्हापासून ते मीच चालवते. पेशंट बहुतेक नैराश्याचे. चार सेकंद टकटकटकटक चालतं, मग थोडा वेळ गप्प, मग पुन्हा. एका पेशंटला पाऊण तासाच्या आतबाहेर लागतं आणि दिवसाला सहा-सात पेशंट होतात. कॉइल धरायचं स्टँड ढिलं झालंय, म्हणून बरेचदा मी हातानंच धरून उभी राहते. खोली दहा बाय दहाची, भिंतींना अर्ध्यापर्यंत टाइल्स. पेशंटच्या कानात आम्ही कापसाचे बोळे घालतो. मी काही घालत नाही, कारण पेशंट काय म्हणतो ते ऐकावं लागतं.

दोन-तीन महिन्यांपासून संध्याकाळी घरी गेल्यावर कानात बारीक कुंई वाजते. सकाळी नसते. घरचे म्हणतात, टीव्ही फार मोठ्यानं लावतेस. मोबाईलमध्ये आवाज मोजायचं ॲप घेतलं, त्यात 72 आलं. सरांना एकदा विचारलं, तर म्हणाले, "एवढ्याशा टकटकीनं काय होते? बाहेर डीजे वाजते त्याचं काय?"

आता एक कास्तकार काका येतात, साठीच्या पुढचे. शेतीचं काम नसलं की जिनिंगमध्ये जायचे, वीस-पंचवीस हंगाम केलेत. आधीच कमी ऐकू येतं. परवा त्यांनी विचारलं, "बाई, ह्या ठोक्यानं माह्या कानाचा पडदा तं नाही फाटत ना?" मला धड उत्तर देता आलं नाही. त्यांना काय सांगू? माझ्या कानाचं काय? नोकरी सोडू का? सरांकडे परत विषय काढायचा तर कसा काढू?

— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर

ताई, काकांना आजच सांगून टाका की पडदा फाटत नाही. पडदा फाटायला स्फोटाच्या दाबाचा आवाज लागतो, किंवा कानात काडी घालणारा माणूस लागतो, आणि आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचे पेशंट जास्त. चुंबकाचाही कानाला त्रास नाही. या उपचारात क्ष-किरण नाहीत, भूल नाही, आणि शॉक ट्रीटमेंट म्हणतात ती ही नव्हे. 1985 साली इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र पहिल्यांदा दाखवलं. 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नैराश्यासाठी त्याला परवानगी दिली. औषधांनी फरक न पडलेल्या अनेकांना त्याचा उपयोग होतो. तेव्हा काकांनी सेशन बंद करायचं काही कारण नाही. त्यांच्या कानात काय घालायचं, तेवढं मात्र बदलायला हवं. आणि तुमच्या कानात घालायला सुरुवात करायला हवी.

ती टकटक येते कुठून, ते आधी पाहू, कारण सरांशी बोलताना हे लागेल. कॉइलमध्ये तांब्याच्या तारेचे वेढे असतात. मशीन त्यातून काही हजार अँपिअरचा प्रवाह सोडतं, तोही सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागापुरता. त्यातून डोक्याजवळ दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि नाहीसं होतं. एवढा प्रवाह एका झटक्यात गेला की तारांचे वेढे एकमेकांना ढकलतात-ओढतात, कॉइलचं सगळं आवरण हादरतं आणि 'टक्' होतं. एमआरआयच्या बोगद्यात जी ठोकाठोक ऐकू येते, तिचंही मूळ असंच, चुंबकीय क्षेत्रातल्या तारांवरचा जोर. तिथे पेशंटच्या कानावर हेडफोन चढवल्याशिवाय टेक्निशियन मशीन सुरू करत नाही. टीएमएसची खोली साधी, मशीन लहान, पेशंट खुर्चीत बसून गप्पा मारतो, म्हणून आपल्याला तिथे आवाजाची भीती वाटत नाही.

आता तुमचं 72. ते चूक आहे, पण तुमची नाही, मोबाईलची. मोबाईलचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी केलेला असतो. जोराचा ठोका आला की तो वरचा भाग छाटून टाकतो, आणि शिवाय ॲप ठोके आणि मधली शांतता एकत्र करून सरासरी दाखवतं. प्रयोगशाळेत वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॉइल चांगल्या माइकनं मोजल्या आहेत. कॉइलपासून कानाच्या अंतरावर, म्हणजे साधारण 5 सेंटिमीटरवर, एका ठोक्याचा सर्वोच्च आवाज 110 पासून 140 डेसिबलच्या जवळपासपर्यंत येतो. कॉइल कोणती आणि जोर किती ठेवला, यावर तो ठरतो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत अशा क्षणिक दणक्याची कमाल मर्यादा 140 आहे. म्हणजे काही कॉइल त्या रेषेच्या अगदी तोंडाशी जातात.

मग एवढा आवाज ऐकताना तसा का वाटत नाही? कारण आवाज किती मोठा हे ठरवायला आपल्या कानाला आणि मेंदूला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. त्याहून आखूड आवाज असेल तर तो खरा आहे त्यापेक्षा लहान भासतो. सरांची "एवढीशी टकटक" ती हीच. शिवाय मधल्या कानात एक चिमुकला स्नायू असतो. मोठा आवाज आला की तो आवळतो आणि आत जाणारा जोर थोडा कमी करतो. पण त्याला आवळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ठोका आत पोचून संपलेलाही असतो. डीजेचा आवाज छातीत धडधडतो, लोक कानावर हात ठेवतात, घरात आत निघून जातात. या ठोक्याला कोणी कानावर हात ठेवत नाही. मला तोच भाग जास्त चिंतेचा वाटतो. (उन्हाळ्यात खोलीत कूलर लावत असाल तर आणखीच. त्या घरघरीत टकटक अगदी किरकोळ वाटते आणि आपण बोलतोही वरच्या आवाजात.)

नुकसान होतं ते पडद्याच्या बरंच आत, शंखाच्या आकाराच्या नळीत. तिथे एका कानात पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. जोराचा आवाज आला की त्या वाऱ्यानं लोळलेल्या गव्हासारख्या आडव्या होतात. थोडा आराम मिळाला की बहुतेक पुन्हा उभ्या राहतात, म्हणून तुमची कुंई सकाळी नसते. पण रोज लोळवल्या तर काही उठत नाहीत, आणि माणसात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. सगळ्यांत आधी जातात त्या 4000 हर्ट्झच्या आसपासच्या बारीक आवाजाच्या पेशी. त्यामुळे माणसाला बहिरेपणा आलाय असं वाटतच नाही. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. साठ म्हटलं की आठ ऐकू येतं, 'स' आणि 'ट' गळतात. टीव्ही मोठा करावा लागतो तो त्यासाठी. तो मोठा केला तरी शब्द साफ होत नाहीत, आणि घरचे मात्र त्रासतात.

तुमची कुंई हे या आवाजाचंच लक्षण आहे, असं मी पत्रावरून छातीठोकपणे सांगणार नाही. कानातला मळ, सर्दी, रक्तदाब, थायरॉइड यांनीही कान वाजतो. पण दिवसभर काम, संध्याकाळी वाजणं आणि सकाळी शांत, हा नमुना आवाजाने दमलेल्या कानाचा आहे. तो लागोपाठ काही महिने दिसत असेल तर त्याला इशारा समजायचं.

या विषयात वैद्यकीय नोंदी आहेत आणि त्या घाबरवणाऱ्या नाहीत, पण डोळेझाक करण्यासारख्याही नाहीत. 1990 मध्ये सशांवर हे ठोके देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या कानांत कायमचं नुकसान दिसलं. सशाचं डोकं लहान आणि कान कॉइलला अगदी लागून, हे खरं. तरी त्यामुळे डॉक्टर सावध झाले. पुढे माणसांवरच्या अभ्यासांत थोड्या लोकांचं ऐकणं तात्पुरतं कमी झालं आणि पुन्हा जागेवर आलं. कायमची घट झाल्याची नोंद असलेल्या एका व्यक्तीनं कानात प्लग घातले नव्हते. नीट प्लग घालून उपचार दिले, तिथे बहुतेक अभ्यासांत कानाला काही झालेलं दिसत नाही. टीएमएसच्या सुरक्षिततेविषयी जगभरच्या तज्ज्ञांनी 2009 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत पेशंट आणि मशीन चालवणारा अशा दोघांच्याही कानांच्या संरक्षणाचा विचार आहे.

तुमचा हिशोब वेगळा आहे, तो इथे. नैराश्यासाठी सगळ्यांत रुळलेल्या पद्धतीत सेकंदाला 10 ठोके, 4 सेकंद चालू, 26 सेकंद बंद, असं साडेसदतीस मिनिटं चालतं. एकूण 3000 ठोके. तुमचं वर्णन त्याला जुळतं. पेशंट चार-सहा आठवडे दर सेशनला तेवढे ठोके घेतो आणि मग घरी जातो. तुम्ही सात पेशंट केले तर तुमच्या कानाशी रोज 21,000 ठोके होतात, आणि तुमचा कोर्स संपत नाही. अंतर तुमच्या बाजूनं आहे, हे मान्य. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबल उतरतो, म्हणून दोन मीटरवर उभी असलेली नर्स दिवसभराच्या सरासरीत बहुधा मर्यादेत राहते. पण तुम्ही दोन मीटरवर नाही. कॉइल हातात धरून तुम्ही पेशंटच्या डोक्यावर वाकलेल्या आहात, म्हणजे तुमचा कान फूट-दीड फुटावर. भोवती टाइल्स आहेत, त्या आवाज पुन्हा तुमच्याकडे फेकतात. म्हणून माझ्या मते तुमच्या खोलीतली पहिली दुरुस्ती कानाची नसून त्या ढिल्या स्टँडची आहे. स्टँड घट्ट झालं की तुम्हाला खोलीतच राहून मागे सरकता येईल. बाहेर मात्र जायचं नाही. कॉइल सरकणं, पेशंटला अस्वस्थ वाटणं, क्वचित फिट येणं, यासाठी पेशंटवर नजर हवीच.

आता कापूस. यवतमाळात बसून कापसाविरुद्ध लिहिणं म्हणजे धाडसच, पण लिहिते. कापसाचा बोळा हवेला वाट देतो आणि हवेबरोबर आवाजालाही. कानातलं औषध बाहेर येऊ नये, थंडीत वारा लागू नये, यासाठी तो ठीक. या ठोक्यापुढे तो नसल्यातच जमा. उलट बोळा घातलाय या समाधानात आपण खरी वस्तू आणत नाही. खरी वस्तू म्हणजे फोमचे इअरप्लग. पिवळे किंवा नारिंगी, बोटाच्या पेरापेक्षा लहान, दाबले की चपटे होतात आणि सोडले की हळूहळू फुगतात. दहा-वीस रुपयांत जोडी येते, डबा घेतला तर आणखी स्वस्त. यवतमाळ-अमरावतीला वेल्डिंगचे चष्मे, हेल्मेट, हातमोजे विकणाऱ्या सेफ्टीच्या दुकानात मिळतील. पाकिटावर एनआरआर म्हणून एक आकडा असतो, म्हणजे प्लग किती डेसिबल आवाज कमी करतो ते; तो 28 ते 33 च्या दरम्यान पाहून घ्या. प्रत्यक्षात त्याच्या निम्माच धरा, कारण कंपनीच्या प्रयोगशाळेत घालतात तसे आपण घालत नाही.

घालायची रीत मात्र शिकावी लागते, आणि इथेच सगळे चुकतात. हात धुवा. प्लग बोटांमध्ये फिरवून फिरवून बारीक सुरळी करा, वळ्या पडू देऊ नका. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा. त्यामुळे कानाची वाकडी वाट सरळ होते. सुरळी आत सरकवा आणि बोट टेकवून तीसेक सेकंद थांबा, फुगू द्या. थांबायचा कंटाळा केला तर तो बाहेर सरकतो. नीट बसला की स्वतःचं बोलणं घागरीत बोलल्यासारखं घुमतं आणि समोरून पाहिलं तर प्लग जवळजवळ दिसत नाही. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो बसलेला नाही, पुन्हा घाला. पेशंटला स्वतःच्या हातानं जमेपर्यंत तुम्हीच घालून द्या. वयस्क माणसांना खांदा वर उचलवत नाही, तेव्हा दुसऱ्यानंच पाळी ओढावी लागते.

प्लग कधी घालायचे, हेही तितकंच महत्त्वाचं. सेशनच्या आधी अंगठा हलेपर्यंत एक-एक ठोका देत जोर ठरवता ना, मोटर थ्रेशोल्ड? तेव्हा पेशंटशी बोलायचं असतं, अंगठ्याकडे पाहायचं असतं, म्हणून प्लग टेबलावर पडलेले असतात. हवेत कॉइल धरून मशीन चालतंय का ते पाहायला एखादा ठोका देतात, तेव्हाही कोणाच्या कानात काही नसतं. तेही ठोके जवळपास तेवढ्याच ताकदीचे. खोलीत पहिला ठोका पडायच्या आधी दोघांच्याही कानांत प्लग हवेत. सोबत आलेला नातेवाईक आत बसत असेल तर त्याच्याही कानांत, नाहीतर त्याला बाहेर बाकावर बसवा. सेशन चालू असताना प्लग निसटला तर पेशंटनं हात वर करायचा आणि तुम्ही तिथल्या तिथे मशीन थांबवायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा.

"पेशंट काय म्हणतो ते ऐकावं लागतं" म्हणून तुम्ही घालत नाही, असं लिहिलंत. प्लग बोलणं बंद करत नाही, कमी करतो. दोन-तीन दिवस अडचण होते, मग सवय लागते, कारण प्लग बोलणं आणि टकटक दोन्ही उतरवतो आणि त्यामुळे गोंधळही कमी होतो. आणि ठोके पडतात ते चारच सेकंद, बोलायला मधले सव्वीस आहेतच. अगदी नकोच वाटले तर कारखान्यातल्यासारखे कानावर बसणारे मफ तुम्हाला चालतील, काढ-घाल सोपी. पण मे महिन्यात आपल्या उन्हात ते कानावर टिकतील असं मला वाटत नाही. पेशंटला मफ नकोच. त्याची पट्टी कॉइलच्या आड येते.

एक शंका कोणीतरी काढेल: कॉइल डोक्याला टेकलेली असते, मग आवाज हाडातून आत जात नाही का? थोडा जातो, आणि तो प्लगनं अडत नाही. पण मोठा भाग हवेतून येतो, तो अडवला तरी पुष्कळ साधतं. कॉइल आणि डोकं यांच्यामध्ये फोमचा तुकडा घालायची कल्पना कोणी दिली तर स्वतःहून करू नका. कॉइल डोक्यापासून जराशी दूर गेली तरी मेंदूपर्यंतचा जोर घसरतो, आणि मग पेशंट बरा का होत नाही म्हणून सर जोर वाढवतील.

आता काका. जिनिंगमध्ये वीस-पंचवीस हंगाम, म्हणजे त्यांच्या बारीक आवाजाच्या पेशी बहुधा आधीच खर्ची पडलेल्या. माझ्याकडे असे लोक येतात ते नातवाचं बोलणं कळेनासं झालं की, त्याआधी कोणी येत नाही. अशा माणसाच्या कानात शिल्लक कमी असते, म्हणून त्याला इतरांपेक्षा जास्त जपायचं. सेशन सुरू करण्याआधी त्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, व्हायला हवी होती. राहिली असेल तर आता करा, आणि कोर्स संपल्यावर पुन्हा. इतर पेशंटनाही पहिल्याच दिवशी काही गोष्टी विचारा: जिनिंग, थ्रेशर, पिठाची गिरणी, वेल्डिंग, यांपैकी कुठे काम केलंय का? कान वाजतो का? कान फुटतो का, म्हणजे वाहतो का? टीबीसाठी कधी इंजेक्शनं घेतलीत का? हा शेवटचा प्रश्न आपल्या भागात विसरू नका. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं कानाच्या त्याच केसपेशींवर जातात, आणि "दहा वर्षांपूर्वी टीबी झाला होता, रोज सुई घ्यायचो" असं पेशंट विचारल्याशिवाय सांगत नाही. कॅन्सरचं सिसप्लॅटिन घेतलेल्यांचंही तेच. वाहत्या कानात प्लग घालू नका, आधी कानाच्या डॉक्टरकडे पाठवा. पावसाळ्यात कानात बुरशी धरते, तेव्हा एकाचा प्लग दुसऱ्याला कदापि नाही. प्रत्येकाच्या नावाची छोटी डबी ठेवा.

श्रवणयंत्र लावणारा पेशंट आला तर यंत्र काढून लांब ठेवायला सांगा. कॉइलजवळ ते बिघडू शकतं, आणि बंद श्रवणयंत्र कानात ठेवलं म्हणजे प्लग झाला, असंही नाही. यंत्र काढल्यावर त्याला ऐकू येणार नाही, तेव्हा सूचना पाटीवर लिहून दाखवा किंवा आधीच खुणा ठरवा. आणि कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून आत बसवलेलं यंत्र, असलेला पेशंट असेल तर आवाजाचा प्रश्नच पुढे येत नाही. डोक्यात असं उपकरण असताना कॉइल चालवायची नाही. मशीनला हात न लावता सरांना बोलवा.

खोलीचं फार काही करावं लागणार नाही. टाइल्सच्या भिंतींवर जाड पडदे, खाली सतरंजी, कोपऱ्यात गादी उभी करून ठेवलीत तरी घुमणं कमी होतं. कॉइलमधून निघणारा मूळ ठोका त्यानं कमी होत नाही, म्हणून पडदे लावून प्लग काढायचे नाहीत.

सरांशी बोलायचं कसं, हा तुम्हाला सगळ्यांत अवघड वाटणारा भाग. ओपीडी चालू असताना, पेशंटसमोर बोलू नका. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मशीनचं मॅन्युअल उघडून जा. या मशीनच्या कंपन्या कानाच्या संरक्षणाची सूचना स्वतःच मॅन्युअलमध्ये देतात. ते पान शोधून त्यावर खूण करून ठेवा. तुमच्या कानाच्या तक्रारीपासून सुरुवात करू नका. तसं केलं तर बोलणं "तुला काम जड जातंय का" इथे जाऊन अडकेल. काकांपासून सुरुवात करा: "सर, काका जिनिंगमधले आहेत, आधीच कमी ऐकतात. उद्या त्यांचा मुलगा म्हणाला, मशीननं बाबांना बहिरं केलं, तर आपल्याकडे आधीचा रिपोर्ट नाही." डॉक्टर माणसाला हे लगेच कळतं. मग प्लगचा डबा, स्टँडची दुरुस्ती आणि तुमची ऑडिओमेट्री, एवढंच मागा. मशीनच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही. संमतीपत्रकावर "उपचारादरम्यान मोठा आवाज होतो, कानात प्लग घालणे आवश्यक" अशी एक ओळ मराठीत टाकायलाही सुचवा. पेशंटला ते आधी कळलं तर तो प्लग काढायचा हट्ट धरत नाही. डीजेचा मुद्दा निघालाच तर वाद घालू नका, डीजेही वाईटच आहे. सर थीटा बर्स्ट नावाच्या नव्या पद्धतीकडे वळणार असतील तर तुमचं आपोआप बरंच भागेल. त्यात तीनेक मिनिटांत 600 ठोक्यांमध्ये सेशन होतं. पण कोणाला कोणती पद्धत द्यायची, हे त्यांनीच ठरवायचं, त्यात आपण शिरू नये.

नोकरी सोडायची गरज मला दिसत नाही. तीनदा विचारूनही प्लगचा डबा आला नाही तर स्वतःच्या पैशानं स्वतःपुरते आणा आणि काम चालू ठेवा. पण त्यानंतरही कुंई कमी झाली नाही, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल.

तुमची ऑडिओमेट्री यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होईल, सेवाग्राम सोयीचं पडत असेल तर तिथेही होईल. सोमवारी सकाळी, कामावर न जाता, रविवारची सुट्टी झाल्यावर जा. तपासणीआधी निदान 14 तास कान शांत हवेत, नाहीतर तात्पुरती थकवट रिपोर्टमध्ये कायमची दिसते. त्या रविवारी लग्नाच्या वरातीत जाऊ नका. आधी कानातला मळ काढून घ्या, तोही डॉक्टरांकडून, पिननं नव्हे. तपासणाऱ्याला सांगा की आवाजाच्या खोलीत काम करते, 3000, 4000, 6000 आणि 8000 हर्ट्झ सगळे तपासा. 4000 च्या जवळ खड्डा पडून 8000 ला रेषा पुन्हा वर येत असेल तर ते आवाजाचं काम. रेषा सरळ असेल तर उत्तम, तोच तुमचा पहिला रिपोर्ट, दरवर्षी नवा काढून त्याच्याशी ताडून पाहायचा. दरम्यान एखाद्या सकाळी एका कानानं एकदम ऐकू येईनासं झालं, तर सोमवारची वाट पाहू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. अशा वेळी औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त असते. रिपोर्टची एक झेरॉक्स दवाखान्यात तुमच्या नावाच्या फाइलला लावा आणि मूळ कागद घरी ठेवा.